खाडीकाठच्या सामाईक जमिनीतला माझा हिस्सा

मी, विल्हेमिना प्रेलो, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा गवती टोपल्या विणणे, राहणार कुसाबो बेट, साउथ कॅरोलिना, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करीत आहे. ते कोणाच्याही दडपणाखाली केलेले नाही असे इथे लिहावे, असे वकीलबाई सांगतात. माणसाचे दडपण नाही, हे खरे. पण मला भीती वाटते आहे, आणि ती भीतीच हे लिहून घेते आहे.

माझे वडील इझिकेल यांनी मृत्युपत्र केले नाही. बेटावर कोणीच करीत नसे. कागद केला की मरण घर विचारीत येते, असे ते मानीत. शिवाय कोर्टात गेलेला काळा माणूस काहीतरी गमावूनच परततो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली. शेजारच्या व्हेलींचीही तशीच होती. त्यांच्या एका पुतण्याने, ज्याने बेट कधी पाहिलेही नव्हते, आपला हिस्सा कंपनीला विकला आणि कंपनीने कोर्टातून सगळ्याच जमिनीचा लिलाव करवला. आता तिथे गोल्फ खेळतात. क्लिओफस व्हेली तिथेच गवत कापायला जातो.

कलम १. घर व जमिनीतला माझा हिस्सा आमच्या जमीन समितीला द्यावा. न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठानाने वांशिक न्यायाच्या कामासाठी आम्हाला निधी दिला, तेव्हा ही समिती चर्चच्या हॉलमध्ये उभी राहिली. खर्च कशावर करायचा ते तुम्हीच ठरवा, असे ते म्हणाले होते. तरी त्यांच्या बाई नेतृत्व शिबिराचे बोलू लागल्या. माझ्यासोबत टोपल्या विणणारी थेल्मा त्यांना म्हणाली, "बाई, पुढारी आमच्याकडे पोत्यानं आहेत. आम्हाला एक वकील द्या." त्यांनी दिली. घरोघरी कागद झाले. यंदा त्या प्रतिष्ठानावर नवे विश्वस्त आले, निधी थांबला, आणि वकीलबाई या महिनाअखेर जाणार. माझ्या घरचे कागद अजून अर्धेच आहेत.

कलम २. माझा भाऊ सायलस याचा मुलगा टेरन्स, राहणार डेट्रॉइट, याला सायलसची वल्ही द्यावीत. कोणी एकट्याने जमीन विकायची नाही, या करारावर फक्त त्याची सही राहिली आहे. मी फोन केला, तर म्हणाला, "आत्या, मला त्या चिखलाचं काय करायचंय? कंपनी चांगला भाव देतेय."

"तुझा बाप तिथं जन्मला रे," मी म्हटले.

"आणि तिथून पळाला. का पळाला, ते कधी सांगितलंस?"

सायलसला ज्यांनी मारहाण करून पळवून लावले त्यांची नावे मला ठाऊक आहेत. त्यांची मुले-नातवंडे याच जिल्ह्यात आहेत आणि ती नावे घेताना माझी जीभ अजून जड होते. इथेही मी ती लिहीत नाही. टेरन्सवर माझा राग नाही.

कलम ३. टोपली विणताना गवत ओवायला भोक पाडते तो चमच्याचा दांडा थेल्माला. तिची वीण सैल असते, हे तिला एकदा लेखी कळावे.

कलम ४. क्लिओफसने नेलेले कोळंबीचे जाळे त्याचेच समजावे. मी मेल्यावर तरी त्याने त्याची भोके बुजवावीत.

कलम ५. माझे यजमान रूफस चर्चच्या आवारात आहेत आणि त्यांच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखलेली आहे. मला तिथे पुरू नये. खाडीकाठी कंपनीचे मोजणीवाले लाल झेंड्या रोवून गेले आहेत, त्यांच्या मधोमध पुरावे. वकीलबाई म्हणतात, कबर असली की तिथून रस्ता काढणे कंपनीला जड जाते. आमच्या रीतीप्रमाणे मी शेवटी ज्यातून प्यायले तो कप फोडून कबरीवर ठेवावा, म्हणजे लांबून दिसेल. भरतीचे पाणी तिथपर्यंत येते. तिथे एकटीने पडून राहायची मला फार भीती वाटते. तरी कोणी कितीही सांगितले, तरी मला हलवू नये.

टेरन्सने त्या करारावर सही केली, तर मात्र त्याच दिवशी मला उचलून रूफसजवळ न्यावे.

सही: विल्हेमिना प्रेलो (अक्षर वाकडे आहे, सही माझीच)

साक्षीदार:
१. डेनिस फोर्डहॅम, वकील
२. रेव्हरंड ऑगस्टस मॅक. थेल्माला काही मिळणार असल्याने तिला साक्षीला बसता आले नाही. ती बाहेर पायरीवर आहे.

ठिकाण: चर्चचा हॉल, कुसाबो बेट
दिनांक: ११ मार्च २०२५