डावीकडचं दूध

काटेवाडी, ता. बारामती
२० जानेवारी १९९७

प्रिय अंजूताई,

जयभीम. आधी खुशाली लिहिते, नाहीतर तू सोबत पाठवलेले डबीचे आकडे तेवढे बघून कागद घडी करून ठेवशील. बाळ दीड महिन्याची झाली. तुझ्यासारखीच आठ्या घालून सगळ्यांकडं बघते. घरचे बरे आहेत. मीही बरी आहे.

तू प्रयोगशाळेत बनवलेली डबी इथं गोठ्यात चांगलीच रुळलीय. रोज लाडी गाईच्या चारी सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत घेते, दोन तारा बुडवते, काटा बघते. सासूबाई म्हणतात, "दुधाला शॉक देतीया व्हय गं?" मी तुझंच ऐकवते: कास आतून सुजायला लागली की दुधात मीठ वाढतं, वीज जास्त धावते, डोळ्याला काही दिसायच्या आधी काटा पुढं सरकतो. गेल्या आठवड्यात लाडीच्या एका सडाला तो सरकला. कास तर लोण्यासारखी मऊ. हे म्हणाले, "डबीच बिघडली आसंल." दुसऱ्या दिवशी दुधात गाठी! लगेच जनावरांचे डॉक्टर दारात. लाडी आता बरी आहे, आणि हे डबीला शिवायच्या आधी हात धुतात.

मला मात्र हल्ली दिवस कळत नाहीत. धार काढताना वाफ येते, तिच्यात आपलं इंदापूरचं अंगण दिसतं. आई पाठमोरी वाळवण घालत असते. दुपारी उसाला पाणी सोडलेलं असतं, त्या आवाजात मी पडल्या पडल्या वाहत जाते, बाळ कुशीत, ऊस दोन्हीकडनं वाकलेला. छान वाटतं गं. अंग गरम लागतं. जागरण असेल.

बाळ डावीकडं पीत नाही. तोंड लावते आणि वळवते. सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली.

ताई, हसू नकोस. काल गोठ्यात कुणी नव्हतं. मी धुतलेल्या वाट्यांत माझं दूध घेतलं. उजवीकडच्याला काटा जागेवर राहिला. डावीकडच्याला कितीतरी पुढं गेला. मीही म्हटलं, डबीच बिघडली असेल. मग बोटानं चाखलं. खारट होतं. पोरीला डबीच्या आधी कळलं होतं.

गाईचं दुखणं चारचौघांत बोलता येतं. माझं कुणाला सांगू? बाळंतिणीला होतंच, म्हणतील. आईलाही तेच म्हणाले होते, आणि त्याच तापात ती गेली. तुला सगळं आठवतं, मला फक्त तिचा गरम हात आठवतो. मला भीती वाटते, ताई.

इथवर लिहून थांबले होते. आज सकाळी धारेनंतर मी दोन वाट्या ह्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि तारा बुडवल्या. काटा बघून म्हणाले, "ही वाटी कंच्या गाईची?"

"गाईची न्हाय. माझी हाय."

ह्यांनी तारा धुतल्या आणि स्वतः पुन्हा बुडवल्या. या खेपेला डबी बिघडली म्हणाले नाहीत. माझ्या कपाळाला हात लावला आणि सासूबाईंना हाक मारली, "बाळाला गुंडाळ, बारामतीला डॉक्टरीणबाईंकडं जातोय."

बाहेर गाडी चालू झालीय. तू डबी परत मागितलीस, पण आत्ता देत नाही. माझा काटा मागं आला की पाठवते.

तुझी,
विशा