आमच्या गाडीला न बसणारा बेल्ट

मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३

आधी माफी. गेल्या कित्येक महिन्यांत रोजनिशीत मी एक ओळ लिहिलेली नाही. आणि हा कागद ज्याने सर्वांत आधी वाचावा असं मला वाटतं, त्या माझ्या थोरल्या भावाशी, दादाशी, तर आमचे वडील, आप्पा, गेल्यापासून धड बोललेही नाही. इतकी गप्प बसलेली बाई एकदम मृत्युपत्र घेऊनच उगवते, हे जरा जास्तच झालं, याची मला कल्पना आहे.

मी टॅक्सी चालवते. वय सेहेचाळीस, पदवीधर, अविवाहित. परवा, गुरुवारी, माझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. सर्जन म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरायची मला सवय आहे, त्याच सवयीने हे लिहीत आहे, भीतीने नव्हे. (हे वाक्य खरं आहे का ते पुन्हा तपासलं. बरंचसं खरं आहे.)

मी शुद्धीवर आहे, मला कोणी भरीला घातलेलं नाही, आणि खाली जे वाटून देत आहे ते माझं स्वतःचं आहे. जिथे तसं नाही तिथे तसं लिहिलं आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याची खात्री कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी करून घेतली. त्यांनी आज वार कोणता ते विचारलं. मी सांगितला, आणि तुमच्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललंत ते विचारलं. त्यांना आठवेना. तरी साक्षीदार म्हणून त्यांनाच घेतलं आहे.

कलम १. घर. आप्पांच्या दोन खोल्यांत निम्मा हिस्सा माझा, निम्मा दादाचा. माझा हिस्सा माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, द्यावा. ती सुट्टीत माझ्याकडे गाडी शिकायला येते. दादाला हे माहीत आहे आणि त्याने तिला कधी अडवलेलं नाही, ही गोष्ट मी त्याच्या बाजूने मोजते. भाचीने बाहेरच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावू नये. खाली उभी केलेली गाडी तिथूनच दिसते.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी रुग्णालयाचं बिल द्यावं. उरेल ते भाचीच्या शिक्षणाला.

कलम ३. पान्यांचा सगळा संच मेस्त्रींना. मेस्त्री म्हणजे आमच्या टॅक्सी स्टँडमागे ज्यांचं गॅरेज आहे ते. खरं तर साक्षीदार म्हणून मला तेच हवे होते. पण ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष देऊ नये, असं ज्यांचा सल्ला घेतला त्या वकीलबाई म्हणाल्या. मी मेस्त्रींना विचारलं, "सही करता की पाने घेता?" ते म्हणाले, "सही कुणीही करेल. पाने दे. आणि देणारच असशील तर आत्ताच दे, तू मरायची वाट बघत कोण बसणार!" तेव्हा पाने त्यांना. पण नंतर.

कलम ४. माझा जॅक आमच्या स्टँडवरचा दुसरा चालक गप्पीदास, त्याला. तो जॅक नेतो आणि परत करत नाही, हे इतकी वर्षं चाललं आहे की जॅक कुठे आहे हे मला विचारण्यापेक्षा त्याला विचारणं सोपं. आता तो त्याचाच होईल. मागायला जाण्याचा माझा त्रास वाचेल, आणि त्याचा खोटं बोलण्याचा.

कलम ५. गाडी. या कलमाला वेळ लागेल.

गाडी टोयोटा, रंग पांढरा. आप्पाही टॅक्सीच चालवायचे; त्यांची पहिली गाडी टोयोटा होती, दुसरीही तीच. ही तिसरी, मी घेतलेली. ही घेताना मी आप्पांच्या सवयीने जायचं नाही असं ठरवलं होतं. शिकलेली बाई म्हणून चार कंपन्यांची माहितीपत्रकं आणून तुलना केली, रेघा मारून तक्ता केला. आप्पा तो तक्ता लक्ष देऊन बघत बसले. मग म्हणाले, "छान आहे. यात सकाळी चालू होते की नाही तो रकाना कुठाय?" मी तो रकाना घातला, आणि तिसरी टोयोटा घेतली.

या गाडीचं कौतुक करणं अवघड आहे, कारण सांगण्यासारखं तिने कधी काही केलेलं नाही. थंडीत सेल्फ मारला की चालू. उन्हात चढावर चार माणसं आणि सामान घेऊन चालू. नव्या गाडीत पहिल्या दिवशी बसले तर हात आपोआप बटणांवर गेले, जुन्या घरात अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसे. चालकांना तुम्ही हीच गाडी का घेता असं विचारलं की ते खांदे उडवतात. लोकांना वाटतं, सांगायला काही नाही म्हणून. मला वाटतं, काहीच घडलं नाही ते सांगायचं कसं, हे आम्हाला कळत नाही म्हणून. रस्त्यात थांबले नाही, प्रवाशापुढे मान खाली घालावी लागली नाही, घरी वेळेवर पोचले. असे दिवस आठवणीत राहत नाहीत, आणि आपण जगतो तर त्यांच्यावरच.

सेवानिवृत्त शिक्षिका बाई आठवड्यातून तीनदा माझ्या गाडीने डायलिसिसला जातात. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाई, तुम्ही कधी उशीर होईल का म्हणून विचारत नाही?" त्या म्हणाल्या, "सुरुवातीला विचारायचे. मग तुझी गाडी बघितली. आता मी फक्त स्वतःच्या किडन्यांची काळजी करते." गाडी ज्याच्या हाती जाईल त्याने बाईंच्या फेऱ्या सांभाळायच्या आहेत. या कलमातली ही एकच अट, आणि ती सोडून बाकी सगळं वाटाघाटीला मोकळं आहे.

आता स्टँडबद्दल, कारण त्याशिवाय दादाचं कळणार नाही.

आमच्या स्टँडवर चहाच्या टपरीमागे एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात प्लग, फ्यूज, बेल्ट, बल्ब, होज असं सामान असतं. सगळ्यांच्या गाड्या एकाच कंपनीच्या आणि सारख्याच मॉडेलच्या असल्यामुळे कुणाचंही सामान कुणालाही चालतं. काही बिघडलं की पेटी उघडायची, काढायचं, बसवायचं, आणि सवडीने तसंच नवं आणून ठेवायचं. पेटीला कुलूप नाही. त्याच गाडीला चिकटून राहायचा नियम कुणी केलेला नाही. पण दुसरी गाडी घेणारा माणूस पेटीतून आपोआप बाहेर पडतो.

दादाही तेव्हा आमच्याच स्टँडवर टॅक्सी चालवायचा, आणि त्याने दुसऱ्या कंपनीची घेतली. दिसायला देखणी होती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. आप्पांना तो म्हणाला, "जगात गाड्या काय एकच कंपनी बनवते? तुमची ती म्हणजे चाकं लावलेलं कपाट!"

आप्पा म्हणाले, "कपाटच आहे रे. पण आपल्या मेस्त्रीला ते डोळे मिटून उघडता येतं."

पुढे एकदा दादाच्या गाडीचा फॅनचा बेल्ट स्टँडवरच तुटला. दादा प्रवाशाला दुसऱ्या टॅक्सीत बसवून फोन करायला नाक्यावर गेला. मी तिथे होते. आप्पांनी पेटी उघडली, चादर पसरली आणि एकेक बेल्ट लावून पाहिला. एकही बसेना. एक तर मेस्त्रींनी ताणून बसवायचा प्रयत्न केला आणि बोट सोलून घेतलं. तेवढ्यात स्टेशनवरून गर्दी आली, जो तो आपापल्या गाडीकडे पळाला, आप्पांनी पेटी मिटली. दादा परत आला तेव्हा त्याला दिसलं ते इतकंच: त्याची गाडी बोनेट उघडून उभी, पेटी बंद, आणि जवळ कुणी नाही.

त्याने समज करून घेतला की आप्पांनीच सगळ्यांना मदत न करायला सांगितलं. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "तू त्यांचीच बाजू घेणार. तुझी पण कपाटच आहे ना!" आप्पांना म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "मी काय सांगू? त्याने विचारलं तर सांगेन." त्याने विचारलं नाही. ती गाडी त्याने विकली आणि दुसऱ्या गावी एका कारखान्याची बस चालवायला लागला. आप्पा गेले तेव्हा आला, दोन दिवस राहिला, आप्पांच्या गाडीची (ती पुढे मोडीत गेली) किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गेला.

म्हणून, त्याला ही गाडी नकोच असणार हे गृहीत धरून, माझ्या पश्चात गाडी गप्पीदासला विकावी. तो पहिल्यापासून मागतो आहे, आणि बाईंना नेईन असं त्याने कबूल केलं आहे.

इथपर्यंत सकाळी लिहिलं. आता दुपार आहे. वरचा शेवटचा परिच्छेद मी खोडला आहे आणि बाजूला आडवी सही केली आहे. कारण पुढीलप्रमाणे.

कलम ३ साठी माझे पाने कोणते आणि पेटीतले कोणते हे वेगळं करायला मी स्टँडवर गेले. पेटी रिकामी केली. तळाशी तो बेल्ट होता. तो मी अनेकदा पाहिला आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळी बांधलेला, आमच्या कुठल्याच गाडीला न बसणारा. दुकानदाराने चुकीचा दिला असेल, अशी माझी समजूत होती. गप्पीदास दरवर्षी पेटी साफ करताना ओरडायचा, "आप्पा, हा साप कशाला पाळलाय?" आणि आप्पा म्हणायचे, "असू दे. लागेल."

मी मेस्त्रींना विचारलं, "हा आहे तरी कुठल्या गाडीचा?"

"तुला माहीत नाही?"

"नाही."

"तुझ्या दादाच्या. त्या दिवसानंतर दुसऱ्याच दिवशी आप्पांनी मला आणायला पाठवलं. मी म्हटलं, आपल्या पेटीत हा कशाला? तर म्हणाले, एक गाडी आपली वेगळी आहे ना, मग तिचंही सामान पाहिजे."

"मग दादाला सांगितलं का नाही तुम्ही?"

"मला वाटलं, बापाने सांगितलं असेल." मेस्त्री हात पुसत राहिले. "आणि बापाला वाटलं असेल, पोरगा कधीतरी पेटी उघडेल."

गप्पीदास शेजारीच उभा होता. त्याने बाकीचं सामान एकेक करून पेटीत परत ठेवलं.

मी बेल्ट घरी आणला आहे. आणण्याचा अधिकार मला आहे का, याचा विचार केला. पेटी सगळ्यांची आहे, ती मी कुणाला देऊ शकत नाही. पण मेस्त्री सांगतात की या बेल्टचे पैसे आप्पांनी स्टँडच्या वर्गणीतून न घेता स्वतःच्या खिशातून दिले होते. म्हणजे तो आप्पांचा. त्यांच्या मागे निम्मा दादाचा आणि निम्मा माझा.

आम्ही एकाच गाडीला का धरून राहतो, याचं उत्तर मला आजवर इंजिनात दिसत होतं. ते तिथेही आहे, मी ते मागे घेत नाही. पण ज्या गाडीवर विसंबता येतं तिच्याभोवती एकमेकांवर विसंबणारी माणसं गोळा होतात, आणि मग गाडी बदलणं म्हणजे माणसं बदलणं होऊन बसतं. दादाला हेच लागलं असणार. आणि आप्पांनी, ज्यांनी आयुष्यात दुसऱ्या कंपनीचा साधा स्क्रू विकत घेतला नाही, त्यांनी त्याच्यासाठी पेटी मोठी केली होती. फक्त बोलले नाहीत. आमच्या घरात हे चालत आलेलं आहे, आणि ते मी कुणालाही वारसा म्हणून देऊ इच्छित नाही.

कलम ५, नव्याने. गाडी दादाला. तो आप्पांच्या तसल्याच कपाटावर गाडी शिकला आहे, हात विसरले नसतील. बाईंच्या फेऱ्यांची अट कायम. त्याला बस सोडायची नसेल तर त्याने गाडी भाचीसाठी ठेवावी आणि तोवर स्टँडवरच्या कुणालातरी चालवायला द्यावी. उभी ठेवू नये. गप्पीदासला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "दादा येणार असेल तर माझी हरकत नाही. पण जॅकचं काय?" जॅकचं कलम आहे तसंच आहे.

कलम ६. बेल्टमधला माझा निम्मा हिस्सा दादाला. रबर सुकलं आहे, भेगा पडल्या आहेत, आणि ज्या गाडीसाठी आणला ती गाडीही आता त्याच्याकडे नाही. त्याचा काही उपयोग नाही. त्याने तो वर्तमानपत्रासकट ठेवावा.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं आणि मग सही केली. कलम ६ वाचताना थांबावं लागलं. वकीलबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, शुद्धीवर आहात ना? डॉक्टर म्हणाले, पूर्ण.

सही: टॅक्सीचालक, आप्पांची धाकटी

साक्षीदार: कोपऱ्यावरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: वकीलबाई (सही)

ठिकाण: आमच्या घराची बाहेरची खोली, खिडकी उघडी
दिनांक: वर लिहिलेलाच, संध्याकाळ

खाली, सह्यांनंतर, जागा उरली म्हणून. हा मृत्युपत्राचा भाग नाही. गुरुवारी सकाळी बाईंना डायलिसिसला न्यायचं आहे आणि मला त्याच रुग्णालयात दाखल व्हायचं आहे. गप्पीदास येतो म्हणाला होता, त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.

उद्या: दादाला फोन करून गुरुवारी गाडी चालवायला बोलावणे.