डाव्या पंखाचं पीस

रविवार, २ मार्च

माझ्या टिटवीला आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही खुशाल. तूही असशीलच, नसलीस तरी कळवणार नाहीस, आजोबांचीच नात ना! मी सांगते, तुझी आई लिहिते. कुठे शाई पसरलेली दिसली तर रडणारी ती, मी नव्हे.

"लाकूड आता चुलीत घाला," असं म्हणून तू कार्बनचे बाण घेऊन गेलीस, तेव्हापासून यांनी तुझं नाव काढलं नाही. पण परवा बाणांसाठी काड्या निवडायला बसले. एकेक काडी दोन्ही हातांत धरून हळूच वाकवायची, वेगळी ठेवायची. विचारलं, "कुणासाठी?"

"वेळ जात नाही म्हणून."

मी ढीग चाचपला. इतकी ताठ काडी तुझ्याच धनुष्याला लागते. तुझ्या ओढीचा जोर अजून त्यांच्या तळहातात आहे गं!

सुटलेला बाण मासोळीसारखा वळतो, धनुष्याला वळसा घालतो, मग सरळ होतो. जन्मभर पाहिलं, तरी अंगावर काटा येतो. पण परवाचं त्याहून मोठं.

बाणाची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, नाहीतर तो हवेत गोंधळतो. यांनी दोन उजव्या पंखाची लावली, तिसरं डाव्याचं. यांनी! मला अक्षर कळत नाही, पण पिसाचं डावं-उजवं कळतं. हे अंघोळीला गेले तेव्हा वाफ देऊन ते पीस सोडवलं, सरस लावून दुसरं चिकटवलं, आणि साळसूदपणे बसले.

संध्याकाळी यांनी बाण उचलला. डोळे मिटलेलेच. बोट पिसांवरून फिरलं, थांबलं.

"हे तू लावलंस."

"मी कशाला लावू?"

"इतका सरस या घरात दुसरं कोण लावतं? भाजीत तेल ओततेस तसा!"

मी हसले. ते नाही हसले. बाण मांडीवर ठेवला आणि माझा हात धरला. लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता मेल्यानं. म्हणाले, "तिला बोलव."

एक बाण बिनपिसांचा ठेवलाय. तो तूच मारायचा. कुठे कलतो ते बघून यांना बाकीच्या काड्या तासायच्यात. दुसऱ्याच्या हातानं ते कळत नाही, आणि बघायचंय यांना स्वतःला.

डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते तुझी आई लिहायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, पोर शहाणी आहे.

भांडायचं असेल तर भांडायला ये. पण लवकर ये.

अजून तरी चार डोळ्यांनी वाट पाहणारे,
तुझे आजी-आजोबा