नरसव्वाच्या चित्राखालचं नाव

अहो,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि आज पहिल्यांदा पत्र लिहिते आहे. चौथीपर्यंतच्या शिक्षणावर जमेल तसं. रडायला नाही, भांडायला लिहिते आहे. काल वाचनालयाच्या हॉलात प्रदर्शन उघडलं. तुम्ही काढलेल्या नरसव्वाच्या चित्राला पहिलं बक्षीस जाहीर झालं. आणि खाली कोपऱ्यात लाल रंगात नाव कुणाचं? दत्तूचं! ज्याला तुम्ही ब्रश धरायला शिकवलंत, त्या तुमच्या पट्टशिष्याचं.

पण आधी तुमच्यावरच रागावते. तेलरंग वर्षभर वाळू द्यायचा, मग व्हार्निश आणि त्यानंतरच सही, हा कुठला हट्ट? ओल्या चित्रावर नाव घालणं म्हणजे बारशाआधी पाळण्यावर नाव कोरणं, असं म्हणायचात. वर्ष भरायच्या आत तुम्हीच निघून गेलात की!

शेठलोकांच्या तसबिरी तुम्ही पोटासाठी केल्यात. फोटोवरून, रंग दोन छटा उजळ करून. नरसव्वाला मात्र समोर बसवून रंगवलंत. गिरणी सुटली की ती आपल्या ओसरीवर यायची, रहाट मांडून सुताच्या कांड्या भरायची आणि उजेड असेपर्यंत तुमचा हात चालायचा. सूत घासून घासून फाटलेलं तिच्या अंगठ्याचं नख तुम्ही चार वेळा पुसलंत. पाचव्यांदा जमलं तेव्हा मला चुलीपुढून उठवून दाखवायला नेलंत. जवसाच्या तेलाच्या वासानं माझं डोकं उठायचं, पण त्या दिवशी मी नाकाला पदर न लावता बघत उभी राहिले.

दत्तूनं ते नख सरळ करून टाकलंय. चेहराही उजळलाय. मेल्याला तेवढंच जमलं!

आणि चित्र त्याच्या हातात दिलं कुणी? मीच. "काकू, व्हार्निश राहिलंय, गुरुजींचं काम मी पुरं करतो," म्हणाला. मी वर त्याला चहा पाजला.

काल मी हॉलात गेले. विधवा बाई एकटी आली म्हणून माना वळल्या, वळू देत. पुण्याहून आलेल्या परीक्षकांना सांगितलं, हे चित्र याचं नाही. दत्तू हात जोडून म्हणाला, काकू दुःखात आहेत, गुरुजी तर फक्त फोटोवरून तसबिरी करायचे. फक्त! परीक्षक भले गृहस्थ, त्यांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "चित्रकाराचं नाव सांगा, लिहून घेतो."

मी म्हटलं, आमच्या घरच्यांचं चित्र. त्यांनी पुन्हा नाव विचारलं. माझी जीभ टाळ्याला चिकटली. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढे बावीस वर्षांत तुमचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. मागून एक टोपीवाला म्हणाला, "उखाणा घ्या की मग, बाई." सगळे हसले. दत्तूही हसला. मी मान खाली घालून घरी आले.

आज सकाळी नरसव्वाला हे सांगितलं. वाटलं, दोन गोड शब्द बोलेल. ती माझ्यावरच उखडली. "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी व्हतंय म्हणून घेत न्हाय ना, अक्का? आता कुटलं आयुष्य ऱ्हायलंय त्यांचं? ह्ये चित्रच ऱ्हायलंय की."

तिचं खरंच आहे. तुमचं आयुष्य वाढावं म्हणून जपलेलं नाव मी काल तिथं गिळलं आणि उरलंसुरलं आयुष्यही दत्तूच्या खिशात घातलं.

परवा बक्षीस समारंभ आहे. नरसव्वा गिरणीत खाडा करून माझ्याबरोबर येते आहे. तिला समोर बसवून कुणी रंगवलं ते ती सांगणार आणि आपला अंगठा परीक्षकांपुढे धरणार, मग बघू दे त्यांना कुठलं नख खरं ते. दुपारी मी चुलीपुढे बसून तुमचं नाव तीनदा मोठ्यानं घेऊन पाहिलं. कुणी ओ दिली नाही, तेवढंच वाईट वाटलं.

परवा मात्र हॉलभर ऐकू जाईल असं घेईन, उखाण्याशिवाय. कागदावर आजपासूनच सुरुवात करते.

तुमचीच,
गौरा मलकप्पा बिराजे