गावापेक्षा मस्कत जवळ

प्रिय आई,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येच "जेवलीस का गं?" विचारतेस आणि माझ्या रागाची वाट लागते. म्हणून लिहितेय. पूर्ण वाच. मध्येच तुझ्या मॅडमच्या चहाला उठू नकोस.

तिकीट आलं. मुंबई ते मस्कत, माझ्या नावाचं. मी वेड्यासारखी अख्ख्या गल्लीला सांगत सुटले, आईने बोलावलंय! शकुमावशीने तर तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून आणलं. मग तुझा व्हॉइस मेसेज आला. मॅडमना दुसरं बाळ झालंय, तुझी कंबर गेलीय, तुझ्याने आता उचलवत नाही. तर "प्रांजलला आणते, घरचीच पोर आहे" असं तूच त्यांना सांगून मोकळी झालीस. घरचीच? कोणाच्या घरची गं?

बाबा गेले त्याच वर्षी तू गेलीस. मी दुसरीत होते. जाताना म्हणालीस, मस्कत आपल्या गावापेक्षा जवळ आहे, कणकवलीला रात्रभर एसटीत अंग आंबतं, हे विमानाने अडीच-तीन तास. काय खूश झाले होते मी! शाळेत सांगायचे, माझी आई गावापेक्षा जवळ राहते. घाटकोपरच्या आपल्या डोंगरावरून विमानं इतकी खाली जातात की पत्रा थरथरतो. मी अभ्यास टाकून बाहेर धावायचे आणि शकुमावशी ओरडायची, "गो बाय, त्या इमानात नाय तुझी आवस! पाढे म्हण!" पाढे अजून येत नाहीत, ते सोड. त्या लांबच्या गावाला मी आणि शकुमावशी दर गणपतीत गेलो. जवळच्या तुला मी किती वेळा बघितलं, सांग ना?

आणि वर तुझा टोमणा, एवढी गोकर्ण, मनाली भटकतेस, मग इथे यायला काय झालं? कामाची लाज नाही मला. हंपीला हॉस्टेलात सहा महिने लोकांच्या चादरी धुतल्या. तिथे एक अम्मा सकाळी इडल्या लावायची, यार, इतक्या मऊ की... जाऊ दे, राग उतरेल. मॅडमच्या थोरल्याला, सादला, तू सायकल शिकवलीस. व्हिडिओ तूच पाठवलास, तो पुढे आणि तू सीट धरून मागे धावतेयस, हसतेयस. मला अजून सायकल येत नाही, आई. आता त्याच्या भावाला मी वाढवू? म्हणे, त्या निमित्ताने दोघी एकत्र राहू. त्यांच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत! आईजवळ राहायचं तर मला तिथे नोकरी धरायला लागणार?

मी येणार नाही. मॅडमना काय सांगायचं ते तू सांग. कंबर गेलीय ना, मग तूच ये. अंधेरीला एका लॉन्ड्रीत काम लागलंय मला, या वेळी सोडून पळणार नाही. मोबाइलवर दोन्हीकडची विमानं बघितली. इकडून तिकडे जाताना वारा समोरून असतो म्हणे, वेळ जास्त लागतो. तिकडून इकडे यायला कमी. म्हणजे मला येण्यापेक्षा तुला येणं सोपं आहे. माझ्या तिकिटावर जी तारीख आहे, त्या दिवशी मी विमानतळावर जाणार आहे. माणसं आत जातात त्या दाराशी नाही. बाहेर येतात तिथे, कठड्याला टेकून उभी राहीन.

रागावलेली, पण तुझीच,
प्रांजल