हिरडीचे टाके आणि दिशाची सोयरीक

बावडा, ता. इंदापूर
रविवार

आदरणीय दाजींस,

बुद्धघोषचा सप्रेम जयभीम. तुमची शुगर आवाक्यात असेल, अक्काचे गुडघे तिला निदान विहारापर्यंत नेत असतील आणि इंदापुरात तुमच्या गल्लीला पाणी वेळेवर येत असेल अशी आशा करतो. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, तेव्हा पत्र बरं. दिशाची सोयरीक जमल्याचं अक्काला कळलंच आहे. पण ती कशी जमली हे तिला आमच्या घरच्यांनी सांगितलं असणार, म्हणजे अर्धवट आणि माझ्या विरोधात. म्हणून खरं काय घडलं ते मुळापासून लिहितो. मूळ माझ्या हिरडीत आहे.

उन्हाळ्यापासून दात घासताना रक्त यायचं. मी वालचंदनगरला मशीनशॉपमध्ये उभा जन्म काढलेला माणूस, चालत्या यंत्रातून थोडंफार गळायचंच असं धरून चाललो. मग एक दिवस भाकरी चावताना उजवीकडचा दात जागचा हलला. दिशा रोज बारामतीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत जातेच, तिनं मला सोबत नेऊन दातांच्या डॉक्टर निकितांच्या खुर्चीत बसवलं. बाईंनी फोटो काढला, हिरडीत एक बारीक पट्टी घालून खोली मोजली (ही पट्टी मला बघायची होती, दिली नाही) आणि म्हणाल्या, "काका, दात चांगले आहेत, पण त्यांच्या खालचं हाड झिजतंय. हिरडी उघडून आतून साफ करावी लागेल." मी म्हणालो, म्हणजे मशीन ठीक आहे, फाउंडेशनचे बोल्ट ढिले झालेत. त्या म्हणाल्या, "तसंच समजा." बाई हुशार आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

तयारीचं म्हणाल तर रक्त तपासलं, ब्लडप्रेशर तपासलं, तंबाखू सोडली. (पुडी दिशाच्या आईनं उकिरड्यावर टाकली, त्याला सोडणंच म्हणायचं.) पारावर बसणाऱ्यांपैकी कुणी तुरटी सांगितली, कुणी लवंगेचं तेल, कुणी बाभळीची काडी. सल्ला देणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडात समोरचे दात नव्हते, म्हणून मी डॉक्टरांच्या बाजूनं राहिलो. येताना पोटभर जेवून या, अशी त्यांची सूचना होती. ती मी जरा आधीपासूनच पाळायला घेतली. पुढं महिनाभर काय नशिबी येईल ते सांगता येत नाही, तेव्हा भाकरी, ठेचा, भाजकी कणसं, सुकट या सगळ्यांचा रीतसर निरोप घेतला. मटणाचा निरोप घेताना जरा भरून आलं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. परिणामी ऑपरेशनच्या सकाळी प्रेशर असं चढलं की डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून पंखा लावून दिला.

ऑपरेशनचं वर्णन करून तुमचं जेवण बिघडवत नाही. सुई दिल्यावर अर्धा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी झाला. तोंडात दोन हात, एक आरसा आणि लाळ ओढणारी नळी असताना माणसाला सूचना करता येत नाही, हे मला तिथं कळलं, आणि सूचना तर बऱ्याच होत्या. पण बाईंचा हात पक्का. साफ केलं, टाके घातले, वर गुलाबी लेप थापला, हुबेहूब पुट्टीसारखा. मी बधिर असल्यामुळं पथ्य त्यांनी दिशाच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं. गरम नाही, तिखट नाही, चूळ जोरात भरायची नाही, थुंकायचं नाही, गालाला बाहेरून बर्फ. एस्टीत बसल्यावर ही मला म्हणाली, "आनि टाकं निघंपतूर बोलायचं न्हाय म्हनल्यात. येक शबूद न्हाय."

दाजी, माझी काय गत झाली असेल ते तुम्ही जाणता. गालाला बर्फाचा पंचा बांधून मी ओसरीवर बसायचो आणि गार पेज, दही, आईस्क्रीम एवढ्यावर दिवस काढायचो. भेटायला माणसं आली. गेली काही वर्षं मला लांबून बघून गल्ली बदलणारेही आले, निवांत बसले, चहा प्याले, स्वतःचं सगळं सांगून गेले. एकजण तर रोज यायला लागला. अशात निरोप आला की वरकुट्याचे पाहुणे दिशाला बघायला उद्याच येतायत. मी हातवारे करून सांगितलं, पुढं ढकला. दिशाच्या आईला एरवी माझ्या भुवईवरून कळतं की भाजीत मीठ कमी आहे. त्या दिवशी मात्र तिला दोन्ही हातांचं काही कळेना. (आमच्या घरात एक गैरसमज आहे की मागची दोन स्थळं माझ्या बोलण्यानं गेली. एका ठिकाणी मी मुलाच्या वडिलांना फक्त गिअरबॉक्स समजावून देत होतो, त्यांना झोप लागली यात माझा काय दोष? दुसऱ्या ठिकाणी मुलगा स्वतःला इंजिनियर म्हणवत होता, म्हणून मी त्याला नट-बोल्टच्या आट्यांबद्दल दोन साधे प्रश्न विचारले.)

पाहुणे आले. मुलगा अविराज, जनावरांचा डॉक्टर, शांत पोरगा. बरोबर त्याचे वडील आणि आजी साखरबाई. त्या घरात अखेरचा शब्द साखरबाईंचा, आणि पहिलाही त्यांचाच. अविराजनं दिशाला विचारलं, तुमचं काम नेमकं काय असतं? एरवी उत्तर मीच दिलं असतं. जिभेवर आलंसुद्धा होतं, लेप आडवा आला. मग दिशाच बोलायला लागली. उसाला पाणी सोडून सोडून रानं खारपड कशी होतात, पाणी कमी द्या म्हटलं की शेतकरी कसे अंगावर येतात, हे सांगितलं. एकजण म्हणे प्रयोगशाळेत येऊन टेबलावर मूठ आपटत होता. हिनं त्याच्याच रानातली माती पाण्यात भिजवली, ते पाणी बशीत आटवलं आणि खाली राहिलेलं मीठ त्याच्यापुढं सरकवलं. "त्यानं बोट लावून चाटलं आनि डोक्याला हात लावला," म्हणाली. साखरबाई मांडीवर थाप मारून हसल्या. दिशा बराच वेळ बोलली आणि कुणाला झोप लागली नाही. दाजी, मला वाटायचं ती मातीच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. पोरगी इतकी वर्षं हे काम करते आणि मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी ती घरी येते तेव्हा मी बोलत असतो.

पसंती झाली. मग साखरबाई माझ्याकडं वळल्या, "पाव्हणं, आता लग्नाचं तुमी सांगा. बारामतीत मोठा हाल बघायचा, का हितंच इहारात साधं करायचं?" माझ्या मनात हॉलच होता. स्टेज, खुर्च्या, चांगला माईक. मी केवढा मोठा हॉल ते दाखवायला दोन्ही हात फैलावले, त्याबरोबर जबडा उघडला, टाका असा ओढला की मुंडी गदागदा हलली आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. साखरबाई म्हणाल्या, "बगा! बापाच्या डोळ्यात पानी आलं. येवढा डामडौल नगं म्हनत्यात. आसं बाप ऱ्हायलंत कुठं आता?" दिशाची आई लगेच म्हणाली, "व्हय व्हय, त्यांचं पयल्यापास्नं तसंच हाय." मी पुन्हा हात वर करणार होतो, पण दिशाकडं लक्ष गेलं. तिनं एवढा सुस्कारा सोडला होता की मला बसल्या जागी ऐकू आला. तिला साधंच हवं होतं, आणि अविराजलाही. मी हात खाली घेतले. आता वरकुट्यात माझी ख्याती अशी आहे की माणूस लई खोल हाय, मोजकं बोलतो.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? मी बोटानं ठीक आहे अशी खूण केली. "काका, बोला की. बोलायला मी कुठं मनाई केली होती? आ मोठा करू नका, एवढंच सांगितलं होतं." मी दिशाच्या आईकडं बघितलं. ती भिंतीवरचं दाताचं चित्र फार मन लावून बघत होती. परतीच्या एस्टीत मी तिला काय काय सुनावायचं ते सगळं जुळवलं. घरी पोचलो तर दिशा आधीच येऊन बसलेली. "निघालं का टाकं, पप्पा?" मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच. म्हणालो, "त्या बशीवाल्यानं मग पाणी कमी केलं का?" तिनं माझं ताट माझ्यापुढं सरकवलं. मग सांगायला लागली ती ताटातलं सगळं गार होईपर्यंत. (मला गारच लागतं सध्या.)

असो. हिरडी भरून येते आहे, दात जागेवर घट्ट आहे. अक्काला जयभीम सांगा, आणि लग्नाला चार दिवस आधीच या.

तुमचा,
बुद्धघोष

ता. क. डावी बाजू अजून राहिली आहे. दिशाची आई म्हणते, ती लग्नाच्या आठवड्यातच उरकून घ्या, तेव्हाच फुरसत मिळेल. लग्नाच्या आठवड्यात फुरसत असलेली वधूमाय तुम्ही कधी पाहिली आहे का? डॉक्टर निकिता शाळेत तुमच्याच हाताखाली शिकलेल्या, गुरुजींचा शब्द मोडणार नाहीत. त्यांना गाठून तारीख लग्नानंतरची घ्यायला लावा. पत्राचं कारण खरं म्हणजे एवढंच. लग्नातलं माझं भाषण तयार आहे. आटोपशीर आहे, सुरुवात माझ्या जन्मापासून होते.

ता. क. २ मामा, जयभीम. मी दिशा. पप्पांनी पत्र पोस्टात टाकायला दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले. डॉक्टरांशी मी बोलले आहे, डावी बाजू लग्नानंतरच. आईला अजून सांगितलेलं नाही आणि पप्पांनाही नाही, थोडे दिवस घाबरू देत. त्यांचं भाषण मला ऐकायचं आहे, खरंच. तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसा, आणि पप्पा श्वास घेताना दिसले की टाळ्या सुरू करा. बाकीचे वाजवतीलच.