उघडी ठेवायची डबी

९ जानेवारी

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई गेल्या. फुप्फुसाचा कर्करोग — आणि जन्मात कधी सिगारेटला शिवल्या नाहीत! त्यांची सून सांगत होती, घर तपासून घेतलं तर तळघरात रेडॉन नावाचा वायू सापडला. बाई आयुष्यभर त्याच तळघरात मशीन चालवत बसल्या.

तशीच घाईने घरी आले. आमची टिंगी तळघरातच झोपते. तेरावं वर्ष लागल्यावर स्वतंत्र खोलीसाठी तिने घर डोक्यावर घेतलं, म्हणून दिली.

१० जानेवारी

हे म्हणाले, "तुला काळजीला काहीतरी निमित्त लागतंच." लागू दे. तपासणीवाल्याला फोन केला.

१३ जानेवारी

तो आला. म्हणाला, जमिनीत थोडंफार युरेनियम असतंच, त्यातून हा वायू सुटतो. फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून वर येतो. उघड्यावर विरून जातो, बंद खोलीत साठतो. "वास नाही, रंग नाही. दारं-खिडक्या लावलीत की त्याचा मुक्काम आत."

हवेतला वायू टिपणारी एक चपटी डबी उघडून टिंगीच्या टेबलावर ठेवून गेला. चार दिवसांनी झाकण लावून प्रयोगशाळेत पाठवायची.

२५ जानेवारी

निकाल आला. सुरक्षित मर्यादेच्या चौपट!! टिंगीची गादी ओढत वर आणली. "आई, आजीच्या घोरण्यात मी झोपणार नाही!" झोपशील.

ह्यांनी मागोमाग तिची उशी आणि पांघरूण वर आणलं.

२६ जानेवारी

टिंगी खोकली. धावत जाऊन तिच्या पाठीला कान लावला. याने लगेच खोकला येत नाही, वर्षानुवर्षं छातीत गेला की मग — तपासणीवाल्याने समजावलंय. कळतं मला. तरी.

७ फेब्रुवारी

मिस्त्री आले. भेगा बुजवल्या. फरशीला भोक पाडून तिथून थेट छपराच्या वरपर्यंत पाइप, मध्ये पंखा — खालची हवा घरात शिरायच्या आधीच ओढून बाहेर टाकायची. धूळ म्हणजे धूळ! सासूबाई फडकं घेऊन मिस्त्रींच्या मागे मागे. नवी वस्तू दिसली की त्यांना प्लास्टिकची पिशवी सुचते. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे, बटणं चाचपून दाबावी लागतात. आज नव्या पंख्यालाही पिशवी घालायला निघाल्या होत्या! मिस्त्री ओरडले. मी हसले, कितीतरी दिवसांनी.

१० फेब्रुवारी

दुसरी डबी आज उघडून खाली ठेवली. पंख्याने काम केलं का, हे आता तीच सांगणार. दोन मिनिटं खाली होते तर श्वास रोखून धरला होता, वेड्यासारखा. परत उतरायची हिंमत नाही. सासूबाईंना म्हटलं, "तुम्हीच लक्ष ठेवा. त्या डबीला जपा हं, टिंगीचा जीव अवलंबून आहे तिच्यावर." त्या म्हणाल्या, "माझ्यावर सोड."

१४ फेब्रुवारी

सासूबाईंनी डबी झाकण लावून हातात आणून दिली. लखलखीत! पाठवली. जीव टांगणीला.

२३ फेब्रुवारी

जवळजवळ शून्य!!! तपासणीवाला म्हणाला, "इतका कमी आकडा मी अजून बघितला नव्हता." मला रडू फुटलं. हे टिंगीला म्हणाले, "जा गं, ने तुझी गादी." ती दोन-दोन पायऱ्या एकदम उतरली.

२ मार्च

गाढ झोप लागते आहे.

११ एप्रिल

दुपारी सासूबाई कपाट आवरत होत्या. पिशव्यांच्या घड्या घालता घालता एक माझ्यासमोर धरली. "ही त्या डबीची बरं का. धुऊन ठेवलीय. चारही दिवस हिच्यात घालून घट्ट गाठ मारली होती मी. धुळीचा कण लागू दिला नाही! तूच म्हणालीस ना, जपा म्हणून."

टिंगी खाली अभ्यासाला बसली आहे. दार लावून.